तुर्तुकला ईदच्या दिवशी पाहुणे म्हणून जाताय? खाण्यापिण्याबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

2025 ची बकरी ईद 7 जूनला होती आणि त्या दिवशी आम्ही चौघं तुर्तुकमधे होतो. ठरवून वगैरे काही नाही, बुकिंग करताना कॅलेंडर बघितलंच नव्हतं. तेव्हापासून लडाखला निघालेला प्रत्येक ओळखीचा माणूस तेच तेच विचारतो, आणि मी पण प्रत्येकाला तेच तेच व्हॉइस मेसेज पाठवून कंटाळलेय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

तुर्तुक म्हणजे नेमकं कुठे? नुब्रा खोऱ्यात उंटांवर बसतात तिथेच का?

नाही, त्याच्याही पुढे. लेहहून खारदुंगला ही खिंड ओलांडून दिस्कित, हुंदर (उंट इथे), आणि मग श्योक नदीच्या कडेकडेने खाली खाली जात राहायचं. लेहपासून साधारण 200 किलोमीटर. बाल्टी लोकांचं गाव, सगळे मुसलमान, बहुतेक नूरबख्शी या सूफी पंथाचे, भाषा बाल्टी, जी तिबेटी कुळातली आहे. 1971 च्या डिसेंबरपर्यंत हे गाव पाकिस्तानच्या ताब्यात होतं, युद्धात मेजर चेवांग रिंचेन यांच्या तुकडीने घेतलं. पर्यटकांना 2010 पासून येऊ देतात. उंची साधारण तीन हजार मीटरच्या आत, म्हणजे लेहपेक्षा कमी, त्यामुळे श्वासाला बरं वाटतं आणि झाडं! लेहहून आलेल्या माणसाला जर्दाळू आणि अक्रोडाची एवढी झाडं बघून वेड लागायचं बाकी राहतं.

परमिटचे नियम बदलत असतात, ते लेहला पोचल्यावर विचारा.

ईदच्या दिवशी ओळखपाळख नसताना कुणाच्या घरी गेलं तर चालतं का?

हा खरा प्रश्न आहे आणि याचं उत्तर समजलं की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. तुर्तुकमधे दोन प्रकारचं जेवण आहे, विकायचं आणि वाटायचं. पदार्थ तेच, कधी कधी बनवणारे हातही तेच. होमस्टेचं जेवण, जर्दाळूच्या झाडाखाली टेबलं मांडलेल्या हॉटेलातलं जेवण हे विकायचं, तिथे तुम्ही गिऱ्हाईक, मेन्यू मागा, मीठ कमी आहे म्हणून सांगा, बिल द्या. ईदला नमाज झाल्यावर घरोघरी जे चालू होतं ते वाटायचं. तिथे तुम्ही पाहुणे. आपल्याकडची सगळी माणसं गोंधळ घालतात तो या दोन्हीची सरमिसळ करून.

तर, दार ढकलून आत जाऊ नका. तुम्ही ज्या घरात उतरलाय त्यांना आदल्या संध्याकाळी विचारा, उद्या आम्ही काय करायचं? बस. आम्हाला तर विचारावंही लागलं नाही, सकाळी घरातल्या आजीने (आजीला बाल्टीत अपी म्हणतात) नातवाबरोबर निरोप पाठवला की आज हॉटेलात जायचं नाही. आणि एकदा एका घरात शिरलात की पुढच्या घरी तेच घेऊन जातात.

तिथे ईदला काय असतं? बिर्याणी? शीरखुर्मा?

मी पण त्याच आशेने गेले होते. शीरखुर्मा विसरा. ती आपल्या दख्खनची आणि हिंदुस्थानातली ईद. खजूर, शेवया, चारोळी, हे सगळं तिथल्या मातीतलं नाहीच, बाजारातून हल्ली सगळं पोचतं ती गोष्ट वेगळी. बाल्टी सणाचं जेवण हे धान्याचं, लोण्याचं आणि बियांचं आहे.

मार्झान. मार म्हणजे लोणी, झान म्हणजे पिठाचा उकडलेला गोळा. सातूचं पीठ (म्हणजे जवाचं, बार्ली) उकळत्या पाण्यात घालून लाकडी दांडक्याने घोटत घोटत घट्ट करायचं, आपण उकड काढतो तसंच, फक्त मनगट जास्त दुखतं. मग थाळीत त्याचा डोंगर करायचा, मधे खड्डा पाडायचा आणि त्यात वितळलेलं लोणी किंवा तूप ओतायचं. सगळ्यांनी एकाच थाळीतून कडेने तोडून लोण्यात बुडवून खायचं. दिसायला अगदी साधं. मी पहिला घास घेतला तेव्हा मला माझ्या आईची ज्वारीची उकड आठवली आणि चौथ्या घासाला पोट भरलं, कारण ते थंडीच्या देशाचं जेवण आहे आणि आपण पुण्यात लिफ्टने दुसऱ्या मजल्यावर जाणारी माणसं.

प्रापू. हा माझा सगळ्यात आवडता. कणकेचे छोटे छोटे तुकडे हाताने चपटे करून उकडतात आणि वर अक्रोड किंवा जर्दाळूच्या गोड बिया वाटून केलेला दाट सरसरीत रस्सा, त्यात पुदिन्यासारखी हिरवी पानं. आपल्या चकोल्या, वरणाऐवजी अक्रोड. एवढंच लक्षात ठेवा.

किसिर म्हणजे कुट्टूच्या (बकव्हीटच्या) पिठाचं धिरडं. हे हॉटेलातही मिळतं, बरोबर त्सामिक (दह्यात पुदिना वगैरे) किंवा अक्रोडाची हिरवी चटणी. बालाय म्हणजे हाताने कापलेल्या शेवयांचं सूप, यात बहुतेक वेळा मांस असतं. अझोक म्हणजे तळलेली रोटी, सणाची आणि लग्नाची. शिवाय सुकवलेले जर्दाळू, अक्रोड, आणि मिठाचा चहा, चहा, चहा.

बकरी ईदला अर्थातच कुर्बानीचं मटण.

आम्ही प्युअर व्हेज आहोत. उपाशी राहू का?

उलट खूश व्हाल. मार्झान, प्रापू, किसिर, जर्दाळू, अक्रोड, सगळं मांसाशिवाय होतं. हे गाव शेती आणि फळबागांवर जगलेलं आहे, मांस रोज शिजत नव्हतंच कधी. फक्त दोन गोष्टी: सूप कुठलंही असो, आधी विचारा. आणि ‘मांसाहार चालत नाही’ हे पान वाढायच्या आधी सांगा, वाढल्यावर नाही. शाकाहारी म्हटलं तर समजतं, हिंदी बहुतेकांना येतं. कांदा-लसूण चालत नसेल तर मात्र अवघड आहे, जर्दाळू खा.

कुर्बानीचं मटण कुणी हातात दिलं आणि आपल्याला नको असेल तर?

कुर्बानीच्या मटणाचे रीतीप्रमाणे तीन वाटे करतात. एक घरात, एक नातेवाईक आणि शेजारपाजाऱ्यांना, एक गरजूंना. तुम्हाला जे देतायत ते त्या दुसऱ्या वाट्यातलं, म्हणजे तुम्हाला शेजाऱ्यांत धरलंय. तेव्हा नाक मुरडायचं नाही, ‘ईss’ तर अजिबात नाही (आमच्या ग्रुपमधल्या एकाने केलं, मला जमिनीत जावंसं वाटलं). छातीवर हात ठेवून सांगायचं की आम्ही खात नाही, पण चहा नक्की घेऊ. कुणालाही राग येत नाही. खाणारे असाल तर प्रश्नच मिटला, बसा आणि खा.

जनावर कापताना बघायला जाऊ का असंही एकाने विचारलं होतं. कशाला?

मिठाचा चहा पिववत नाही. काय करू?

पायू चा. पायू म्हणजे मीठ. हिरवी चहापत्ती सोडा घालून खूप वेळ उकळतात, मग दूध, मीठ, लोणी घालून घुसळतात, रंग गुलाबीसर येतो. अडचण चहाची नाही, ‘चहा’ या शब्दाची आहे. तुमची जीभ साखरेची वाट बघत असते. त्याला सूप समजून प्या, मी खरंच सांगते, दुसऱ्या कपाला आवडतो. त्यात सातूचं पीठ कालवून पण खातात.

कप रिकामा केलात की लगेच भरला जाणार. बास असेल तर अर्धा कप तसाच ठेवा, नाहीतर कपावर हात ठेवा. आम्ही पहिल्या घरात भिडेखातर चार कप प्यायलो आणि अजून पाच घरं बाकी होती. प्रत्येक घरी थोडंसं घ्यायचं हा हिशोब आधीच मनात ठेवा, आपण गणपतीत दहा घरी दर्शनाला जातो तेव्हा प्रसाद कसा चिमूटभर घेतो, तसं.

एकाच थाळीतून खायचं? सगळ्यांनी?

हो. उजव्या हाताने, आपल्यासमोरच्या बाजूने, पलीकडे हात न नेता. हात आधी धुवायला मिळतात. खरंच जमत नसेल तर वेगळी ताटली मागा, देतील, पण निदान दोन घास थाळीतून घेऊन बघा. खाली बसायचं असतं, पाय थाळीकडे पसरून बसू नका, एवढं आपल्यालाही घरी शिकवलेलं असतं.

जर्दाळूच्या बिया मुठीने खाल्ल्या तर चालतात का? तिथे सगळे फोडून देतात.

थांबा, हे नीट वाचा. जर्दाळूच्या आतल्या बिया गोड पण असतात आणि कडू पण. गोड बदामासारख्या लागतात आणि प्रापूत त्याच जातात. कडू बियांमधे अमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं ज्यातून पोटात सायनाइड तयार होतं. मोठ्या माणसाने एखादी चुकून खाल्ली तर घाबरायचं काही नाही, पण कडू लागली की थुंकायची आणि ‘औषधी असते’ म्हणून मूठभर खायची नाही, लहान मुलांना तर मुळीच नाही. कडू बियांचं तेल काढतात, ते अंगाला, केसांना लावतात. घरातल्या माणसांना कुठलं झाड गोड आणि कुठलं कडू हे पाठ असतं, तुम्हाला नसतं, त्यामुळे त्यांनी ताटलीत ठेवलेलं खा, रस्त्यावरचं उचलून फोडून खाऊ नका. गोड बीचा एक पांढरा प्रकार आहे, रक्त्से कार्पो, त्याला 2022 मधे लडाखसाठी जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला.

ताजे जर्दाळू हवे असतील तर जुलै-ऑगस्टमधे जा. झाडावरचे तोडू नका. ‘एवढे पडलेत, एक घेतला तर काय’ असं आपल्याला वाटतं, पण गच्चीवर वाळत घातलेला तो ढीग म्हणजे त्या घराचा हिवाळा असतो. मागितला तर ओंजळभर देतात, तेच झाड, तोच जर्दाळू.

आपण काय घेऊन जावं? पुणेरी बाकरवडी चालेल का?

पळेल! पण आतले घटक वाचून घ्या. डुकराचं काही किंवा दारू असलेलं काही नको हे उघड आहे, कमी उघड म्हणजे जिलेटिन असलेल्या गोळ्या-चॉकलेटं आणि रम घातलेले केक. आपला घरचा फराळ बेस्ट. चकली, चिवडा, शंकरपाळी, बेसनाचे लाडू, यात कुणालाच काही अडचण नाही. ओलं खोबरं, पुरणपोळी असलं काही नेऊ नका, दोन दिवसांच्या प्रवासात वाट लागते.

आम्ही स्टीलच्या डब्यातून चकल्या नेल्या होत्या. अर्ध्या खारदुंगलावर चुरा झाल्या. तो चुरा अपीने मिठाच्या चहात टाकून खाल्ला आणि म्हणाली ‘झिम्पो’, म्हणजे मस्त. आता मी घरी पण तसंच खाते, नवरा बघत बसतो.

डबा भरून दिलात तर प्लास्टिकची पिशवी नको, स्टीलचा द्या. तिथला कचरा उचलायला आपली महानगरपालिका येत नाही.

पैसे द्यायचे का? नाही दिले तर बरं वाटत नाही.

विकायच्या जेवणाचे पूर्ण द्या, घासाघीस करू नका, तिथे सिलिंडरपासून साखरेपर्यंत सगळं खारदुंगला चढून येतं. वाटायच्या जेवणाचे अजिबात देऊ नका. ताटाखाली पाचशेची नोट सरकवणं म्हणजे यजमानाला सांगणं की आमचा हिशोब मिटला. दिवाळीला तुमच्या घरी फराळाला आलेल्या शेजाऱ्याने जाताना दोनशे रुपये ठेवले तर? तेच. लहान मुलांना ईदी म्हणून थोडं दिलं तर चालतं, ती रीतच आहे, पण घरातल्या मोठ्यांना विचारून, आणि रस्त्यात दिसेल त्या मुलाला नाही.

मग बरं वाटण्यासाठी काय? निघताना त्याच घरातून किलोभर सुके जर्दाळू, अक्रोड, तेलाची बाटली विकत घ्या. हे झालं विकायचं, इथे खुशाल पैसे द्या. कॅश न्या, नेटवर्कचा भरवसा नाही, आणि आपली प्रीपेड सिम लडाखमधे चालत नाहीत, पोस्टपेड लागतं.

फोटो? रील?

बायकांचे विचारल्याशिवाय नाही. बहुतेक जणी नको म्हणतात, मग नको. थाळीचा काढा, पण सगळ्यांचे हात थांबवून ‘एक मिनिट एक मिनिट’ करून नाही. मला स्वयंपाकघरात बसू दिलं ते मी मोबाइल बाहेर ठेवून गेले म्हणून, असं मला तरी वाटतं. बरोबरच्या पुरुषांना आत बोलावलं नाही आणि त्यांनी त्याचा इश्यू केला नाही हे त्यांचं नशीब.

कपडे अंगभर, डोक्यावर ओढणी घेतली तर चांगलं, पण कुणी सक्ती करत नाही.

कुठल्या सणाला जाणं बरं?

आधी एक गोष्ट. आपल्या पंचांगात अधिक महिना टाकून सण ऋतूंशी जुळवून घेतात, म्हणून दिवाळी फिरून फिरून ऑक्टोबर-नोव्हेंबरच. हिजरी वर्षात तसं नाही, ते 354-355 दिवसांचं, त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. म्हणजे आमच्यासारखी जून महिन्यातली ईद आता तुम्हाला बरीच वर्षं मिळणार नाही, ती मे, एप्रिल करत थंडीत शिरेल. चंद्र दिसण्यावर एक दिवस इकडेतिकडे होतो, तेव्हा परतीचं विमान ईदच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं ठेवू नका.

नवरोज (वसंतातलं नववर्ष) मात्र सूर्यावर, 21 मार्चच्या सुमारास. बाल्टी मुलुखात त्या दिवशी अंडी उकडून रंगवतात आणि मुलं अंड्यावर अंडं आपटून कुणाचं फुटतं ते बघतात. 2026 मधे रमजान ईद आणि नवरोज जवळपास एकाच वेळी आले. पण मार्चमधे खारदुंगला बर्फाने कधी बंद होईल सांगता येत नाही. एप्रिलमधे पर्यटन खात्याचा जर्दाळू बहराचा महोत्सव असतो, तिथे स्टॉलवर सगळे पदार्थ मिळतात, झाडं पांढरीगुलाबी झालेली असतात, पण ते विकायचं जेवण, हे डोक्यात ठेवून जा.

रमजानमधे गेलो तर दिवसा खायचं की नाही?

तुम्ही खाऊ शकता, होमस्टेवाले करून पण देतात. फक्त गल्लीत चिप्सचं पाकीट फोडत फिरू नका. आणि स्वयंपाक करणारी बाई स्वतः रोज्यात आहे, चव बघू शकत नाही, तेव्हा मीठ कमीजास्त झालं तर गप्प खा. संध्याकाळी इफ्तारला हाक मारली तर जा, वेळेवर जा, उशीर करू नका कारण ते तुमच्यासाठी थांबणार नाहीत आणि थांबूही नये.

मोहरम पण सणच ना? तेव्हा काय असतं?

सण नाही, शोक आहे. ‘हॅपी मोहरम’ म्हणू नका. त्या दिवसांत नियाज म्हणून अन्न वाटतात, ते कुणालाही मिळतं, घ्या, शांतपणे खा. आपल्या सातारा-सोलापूरकडे मोहरमला चोंगे आणि मलिदा करतात, डोले निघतात, आणि त्यात हिंदू घरं पण असतात, माझ्या आजोळी तर नवस असायचा. हे मी तिथे सांगितलं तर लोकांना आश्चर्य वाटलं, आणि चोंगे कसे करतात ते सांगता सांगता माझी हिंदी संपली. गव्हाचं पीठ, गूळ, वरून खसखस, साच्याने नक्षी... साच्याला हिंदीत काय म्हणतात ते मला आजही आठवत नाही.

1971 चा, पलीकडच्या नातेवाईकांचा विषय काढावा का?

तुम्ही नका काढू. डिसेंबर 1971 मधे जे लोक कामाला किंवा शिकायला स्कर्दू, लाहोर, कराचीकडे गेले होते ते तिकडेच राहिले, घरं इकडे. एकाच घरातले दोन भाऊ दोन देशांत, असं झालंय. पुढच्या थांग गावातून नियंत्रण रेषेपलीकडचं गाव डोळ्यांनी दिसतं. ईदच्या दिवशी हे सगळ्यांच्या मनात असतंच. आम्ही बसलो होतो तेव्हा एका म्हाताऱ्या बाबांनी आपणहून सांगितलं की त्यांची बहीण पलीकडे आहे, मग जर्दाळूची ताटली आमच्याकडे सरकवली आणि म्हणाले खा. आम्ही खाल्ले. ‘तुम्हाला इंडिया आवडतो की पाकिस्तान’ असला प्रश्न कॅमेरा समोर धरून विचारणारे पण महाभाग येतात म्हणे, तुम्ही ते होऊ नका.

एवढं लोणी, मांस टिकतं कसं? फ्रिज आहेत का?

हल्ली आहेत. पण आधीपासून नांगचुंग आहे, दगडाचं कोठार, दगडांच्या फटींतून खालची थंड हवा आत येत राहते. बाहेर उन्हाने घाम फुटत होता आणि आत हात घातला तर फ्रिजमधे घातल्यासारखा. लोणी, मांस, दूध त्यात ठेवतात. कुणाचं नांगचुंग बघायचं असेल तर विचारून बघा, दुसऱ्याच्या घराचं कपाट उघडल्यासारखं करू नका.

तुर्तुकला वर्षात दोन पिकं येतात, आधी सातू, तो कापला की कुट्टू. लडाखमधे बाकी बऱ्याच ठिकाणी कसंबसं एक. त्यामुळे मार्झान आणि किसिर दोन्ही एकाच शेतातून येतात, हे मला अपीने शेताकडे बोट दाखवून सांगितलं.

प्रापू घरी कसा करायचा?

चौघांना. दोन वाट्या कणीक घट्ट मळा, अर्धा तास ठेवा, छोट्या गोळ्या करून अंगठ्याने दाबा (लहान मुलांना कामाला लावा), उकळत्या मिठाच्या पाण्यात वर तरंगेपर्यंत शिजवा. एक मोठी वाटी अक्रोड, मूठभर पुदिना, थोडी कोथिंबीर, अर्धा कच्चा कांदा, एक-दोन मिरच्या, मीठ हे त्याच शिजवलेल्या गरम पाण्यात दाट वाटा. एकत्र कालवा, गरम खा. जिरं, हिंग, मोहरीची फोडणी घालायचा मोह होईल, मला झाला, घातली, आणि मग ती चकोली झाली, प्रापू राहिला नाही. अक्रोड जुने असतील तर खवट लागतात, तिथले आणले असतील तर डबा फ्रिजमधे ठेवा.

तुमचा तो स्टीलचा डबा परत मिळाला का?

हे विचारणारी माझी सासू. हो, मिळाला, निघायच्या दिवशी सकाळी. अक्रोडांनी भरून. आता पुढच्या खेपेला त्यात काय भरून न्यायचं यावर घरात चर्चा चालू आहे, सासूचं मत बेसनाचे लाडू, माझं मत परत चकल्या, मुद्दाम चुरा करून.